नव्या अकूस्टिक गिटारच्या फ्रेटमध्ये दोष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गिटार घरी येते, तारा सुरात लागतात आणि पहिल्याच जी कॉर्डला एखादी तार झणझणते. किंवा नेकवरून, म्हणजे गिटारच्या मानेवरून, हात खाली आणताना तळव्याला काहीतरी बोचतं. शिकणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा स्वतःच्या बोटांनाच दोष देते, आणि मला खटकतं ते हेच. वाद्य नीट नसेल तर कितीही रियाझ केला तरी स्वर स्वच्छ येत नाही. दुसऱ्या बाजूला, यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहून थेट कानस हातात घेणारेही आहेत. फ्रेटवरून, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवरून, एकदा घासून गेलेला धातू परत येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत एकच आग्रह दिसेल: आधी मोजा, मग ठरवा.

(सहावी तार म्हणजे सर्वांत जाड, पहिली म्हणजे सर्वांत बारीक.)

तार झणझणते. म्हणजे फ्रेटच खराब आहेत ना?

बहुतेक वेळा नाही. कंप पावणारी तार वाटेत कुठल्यातरी फ्रेटला शिवते आहे, एवढंच त्या झणझणीवरून कळतं. ती का शिवते याची कारणं अनेक आहेत आणि एखादा फ्रेट उंच असणं हे त्यांतलं फक्त एक.

झणझण कुठे होते याकडे नीट लक्ष दिलंत तर निम्मं निदान तिथेच होतं. तार मोकळी वाजवल्यावरच झणझणत असेल आणि कुठेही दाबल्यावर स्वच्छ वाजत असेल, तर नटमधली (नट म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) त्या तारेची खाच जास्त खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर बऱ्याच तारा झणझणत असतील, तर नेक फार सरळ झाला आहे किंवा मागे वाकला आहे. हे काम ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याचं. वरपासून खालपर्यंत सगळीकडे थोडी थोडी झणझण असेल, तर तारांची उंची म्हणजे ॲक्शनच फार कमी आहे. पण तिसरी तार पाचव्या फ्रेटवर झणझणते, सहाव्यावर मात्र एकदम स्वच्छ वाजते, असं काही सापडलं तर तो फ्रेटचा दोष. सहावा फ्रेट उंच आहे किंवा पाचवा खाली बसला आहे.

आणखी एक गोष्ट आधी तपासून घ्या. खुंट्यांना पकडणारे धातूचे सैल नट, प्रीॲम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीचं झाकण, ट्रस रॉडवरची छोटी पट्टी, तारेचं कापायचं राहिलेलं टोक यांपैकी काहीही एखाद्या ठरावीक स्वराला थरथरू शकतं. तो स्वर वाजवत असताना दुसऱ्या कुणाला एकेका भागावर बोट ठेवायला सांगा. आवाज थांबला की चोर सापडला.

माझं दाबणंच कमी पडत असेल तर?

पडत असेलही. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला टेकून ठेवा, मध्यम जोराने वाजवा आणि पुन्हा ऐका. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं की चांगली गिटारही कुरकुरते. तरीही शंका राहिली तर काही वर्षं वाजवणाऱ्या कुणाच्या तरी हातात गिटार द्या. त्यांच्या हातूनही तेच होत असेल तर बोटांचा प्रश्न मिटला.

उलट तक्रारही येते: आवाज स्वच्छ आहे, पण एफ बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) काही केल्या लागत नाही, बोटं सोलून निघतात. अशा वेळी नटच्या खाचा उथळ असण्याची शक्यता फार मोठी. नव्या स्वस्त गिटारमध्ये कारखाना मुद्दाम सावध राहतो, कारण खाच जास्त खोल गेली तर तक्रार येते आणि उथळ राहिली तर कुणी बोलत नाही. त्याचा भार पडतो शिकणाऱ्याच्या बोटांवर. पहिल्या फ्रेटपाशीच तार इतकी उंच असेल तर तिथे बार लावायला लागणारी ताकद अनुभवी वादकालाही जड जाते.

मोजायचं कसं? माझ्याकडे अवजारं नाहीत.

मिलिमीटरच्या खुणा थेट टोकापासून सुरू होणारी स्टीलची पट्टी, एक कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणि साधा झेरॉक्सचा कागद एवढ्यावर भागतं. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तोच आपला फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं साधन. मोजण्याआधी गिटार नेहमीच्या सुरात लावून घ्या. तारा ढिल्या असताना घेतलेलं माप काही कामाचं नाही, कारण १२-५३ गेजच्या (जाडीच्या) तारांच्या संचाचा सगळा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो आणि तोच नेकला पुढे ओढतो.

पहिलं माप नेकच्या बाकाचं, ज्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट उरते ते पाहा. एक ते अडीच कागदांची, म्हणजे ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट असेल तर उत्तम. फट मुळीच नसेल तर नेक फार सरळ आहे. अर्धा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर फार वाकलेला आहे. ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवला की बाक कमी होतो, उलट फिरवला की वाढतो. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. नंतर पुन्हा सूर लावा आणि पुन्हा मोजा. पाना जड जात असेल तर जोर न लावता थांबा. काही स्वस्त गिटारमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉडच नसतो, ते खरेदीआधीच विचारलेलं बरं.

दुसरं माप ॲक्शनचं. कॅपो काढून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सहाव्या तारेला साधारण २.४ आणि पहिलीला १.६ ते १.८ मिलिमीटर असेल तर गिटार आरामात वाजते. साडेतीन-चार मिलिमीटर असेल तर ती सेटअपविना, म्हणजे ही मापं न जुळवता, विकलेली गिटार आहे. सॅडल (बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) खालून घासून ॲक्शन उतरवता येते. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलचे २ मिलिमीटर जातात, हा हिशेब विसरू नका.

तिसरं, नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. तार टेकलेलीच असेल तर खाच खोल, कागद सहज सरकत असेल तर उथळ.

ही तिन्ही मापं ठीक आल्यावरच फ्रेटवर संशय घ्यायचा. क्रमही हाच ठेवा, कारण नेकचा बाक बदलला की ॲक्शन बदलते.

उंच फ्रेट नक्की कुठला, हे कसं ओळखू?

आधी नेक शक्य तितका सरळ करून घ्या. मग एकदम तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ धार त्यांवर नेकच्या लांबीच्या दिशेने ठेवा. फ्रेट रॉकर नावाचं चौकोनी साधन याचसाठी मिळतं, त्याच्या चारही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या असतात. घरी जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड किंवा कापलेली स्टीलची पट्टी चालते. धार मधल्या फ्रेटवर डुगडुगली, टिकटिक आवाज आला, की मधला उंच. दोनच फ्रेटवर धार ठेवली तर ती कधीच डुगडुगणार नाही, आणि चारवर ठेवली तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

हे प्रत्येक तारेखाली वेगळं करा. एखादा फ्रेट पहिल्या तारेखाली उंच आणि सहाव्या तारेखाली अगदी बरोबर असतो, कारण त्याचं एकच टोक वर आलेलं असतं. सापडलेल्या जागेवर मार्करने खूण करा आणि फोटो काढा. वस्तू परत करायची वेळ आली तर तो पुरावा होतो.

सापडला! आता हातोडीने ठोकून बसवू का?

थांबा. आधी तो सैल आहे की घट्ट बसूनही उंच आहे, ते पाहा. फ्रेटच्या तारेला खालून एक पातं असतं, त्यावर बारीक दाते असतात आणि ते लाकडातल्या खाचेत रुततं. नखाने किंवा लाकडी काडीने फ्रेटचं टोक दाबा. तो किंचित खाली जाऊन परत वर येत असेल, किंवा टिचकी मारल्यावर शेजाऱ्यांपेक्षा पोकळ आवाज देत असेल, तर तो सैल आहे.

सैल फ्रेटवर उपाय आहे आणि तो चांगला आहे. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाचा (सुपरग्लूचा) बारीक थेंब फ्रेटच्या मुळाशी सोडायचा, तो आपोआप खाचेत ओढला जातो. मग फ्रेटबोर्डच्या गोलाईला जुळणाऱ्या लाकडी ठोकळ्याने दाबून क्लॅम्प लावायचा. पण हाच गोंद नेकच्या लॅकरवर सांडला तर डाग कायमचा राहतो, आणि क्लॅम्प न लावता गोंद घातला तर फ्रेट उंच जागीच पक्का होतो. गिटार वॉरंटीत असेल तर हे स्वतः करू नका, असंच मी सांगेन.

घट्ट बसलेला फ्रेट ठोकून काहीच होत नाही. उलट दुसरं टोक उचकटतं. तिथे माथा उतरवावा लागतो.

लेव्हलिंग म्हणजे नेमकं काय? स्वतः करता येईल का?

सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत आणणं म्हणजे लेव्हलिंग. नेक सरळ करून, माथ्यांवर मार्करची शाई लावून, लांब सपाट पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने हलकेच घासतात. जिथे शाई आधी जाते तो उंच. शेवटी सगळ्या माथ्यांवरची शाई जेमतेम गेली की थांबायचं. नवा फ्रेट जेमतेम एखादा मिलिमीटर उंच असतो, म्हणजे खर्च करायला धातू फारच थोडा आहे.

खरं कौशल्य त्यापुढच्या कामात आहे, ज्याला क्राउनिंग म्हणतात. घासल्यावर माथा सपाट होतो. त्याला खास अंतर्गोल कानशीने पुन्हा गोल करावं लागतं. हे टाळलं तर तार एका रेषेवर न टेकता रुंद पट्टीवर टेकते, स्वर किंचित सरकतो आणि सतारीसारखी झंकार येते. सतार-तंबोऱ्यात तीच गोष्ट हवी असते. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग तासून जवारी काढतात, आणि ते काम शिकायला वर्षं घालवतात. तार आणि सपाट पृष्ठभाग यांचा हा खेळ किती नाजूक आहे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गिटारच्या फ्रेटवर मात्र नकळत लागलेली जवारी हा दोषच.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं लेव्हलिंग आपल्या एकुलत्या एका नव्या गिटारवर करू नका. शिकायचंच असेल तर जुन्या बाजारातून मोडकी गिटार आणा आणि तिच्यावर हवे तितके फ्रेट बिघडवा. नव्या गिटारसाठी कारागीर शोधा, आणि त्याला एवढं नक्की विचारा: ‘घासल्यावर क्राउनिंग करता का?’ उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरीकडे जा.

फ्रेटची टोकं हाताला बोचतात. कारखान्याने फिनिशिंगच केलं नाही का?

कधी कधी नाहीच केलेलं. पण महाराष्ट्रात याचं कारण पुष्कळदा हवा असते. लाकूड कोरड्या हवेत आखडतं, तेही रेषांना आडवं. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणजे फ्रेटबोर्डची रुंदी कमी होते, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो आणि त्याची टोकं दोन्ही कडांनी बाहेर येतात. पावसाळ्यात मुंबईत घेतलेली आणि एप्रिलमध्ये नागपुरात किंवा जळगावात उघडलेली गिटार अशी बोचली तर नवल नाही. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीतही हेच होतं. पुण्याहून शिकागो किंवा टोरांटोला नेलेल्या गिटारचं तिथल्या हिटर लावलेल्या पहिल्या हिवाळ्यात हमखास होतं.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) केसमध्ये ठेवा. अगदी अचूक नसला तरी अंदाज देतो. हवा कोरडी असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून केस बंद ठेवा, किंवा ४९ टक्क्यांची तयार पाकिटं वापरा. दोन आठवडे थांबा. बऱ्याचदा टोकं आपोआप आत जातात. फ्रेटबोर्ड फारच रुक्ष दिसत असेल तर लाकडाला खनिज तेलाचे दोन-तीन थेंब चोळून पुसून घ्या. त्याने ओलावा परत येत नाही, पण निघून जायचा वेग कमी होतो. मोहरी किंवा खोबरेल तेल नको, ते खवट आणि चिकट होतं.

हवा जागेवर आल्यावरही बोचत असेल तरच कानस. आणि हे काम घरी करण्यासारखं आहे. सोनारकामाची बारीक कानस, फ्रेटबोर्डवर आणि नेकच्या कडेवर मास्किंग टेप, प्रत्येक टोकाचे दोन कोपरे हलक्या हाताने गोल, मग ६०० आणि १००० नंबरचा पेपर. कानस नेहमी फ्रेटकडून बाहेर, लाकडाकडे नाही. कडेचं लॅकर फ्रेटच्या टोकांवरून गेलेलं असेल तर मात्र ते तडकेल, तिथे हात लावू नका. आणि टोकं जास्त तिरकी केलीत तर पहिली तार कडेवरून निसटू लागेल.

पहिली तार आधीपासूनच कडेवरून निसटते.

नटपाशी पाहा: पहिली आणि सहावी तार आपापल्या कडेपासून साधारण सारख्या अंतरावर, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास, असायला हव्यात. नट एका बाजूला सरकलेला किंवा खाचा चुकीच्या कापलेल्या असतील तर नवा नट हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे. नट ठीक असून कारखान्यातच फ्रेटची टोकं जास्त कापली गेली असतील तर त्यावर घरगुती इलाज नाही. गिटार परत करा.

बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढताना, खरखर लागते.

फ्रेटचं पॉलिश राहून गेलं आहे. झणझणीशी याचा संबंध नाही आणि भिण्यासारखं काही नाही. फ्रेटबोर्डवर टेप लावून प्रत्येक फ्रेट तारेच्या सरकण्याच्या दिशेने १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरने हलके फिरवा, शेवटी ०००० नंबरचं स्टीलवूल. साउंडहोल झाकून घ्या, स्टीलवूलचे कण आत जायला नकोत. फ्रेटचा धातू म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. नाव निकेल सिल्व्हर, पण चांदी त्यात नसते. घामाने तो काळवंडतो, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

चौदाव्या फ्रेटच्या पुढेच झणझण येते.

तिथे नेक संपून बॉडी सुरू होते. फ्रेटबोर्डचा पुढचा भाग वरच्या फळीवर चिकटवलेला असतो आणि दमट हवेत फळी फुगली की तोही वर उचलला जातो. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात हे दिसतं. आधी आर्द्रता सांभाळा. उंचवटा तरीही राहिला तर कारागीर फक्त त्या भागातले फ्रेट थोडे उतरवून देतो, नेकला हात लावावा लागत नाही. तुम्ही पंधराव्या फ्रेटच्या पलीकडे कधी जातच नसाल तर हा दोष घेऊनही वर्षानुवर्षं वाजवता येतं.

फ्रेटच्या टोकाखाली बारीक फट दिसते. चालेल?

पात्याच्या टोकाशी खाच उघडी दिसत असेल तर ते फक्त दिसण्याचं आहे. पण फ्रेटचा माथा आणि लाकूड यांमध्ये कागद शिरत असेल, तर फ्रेट पूर्ण बसलेला नाही.

वर जावं तसा सूर चढतो. फ्रेट चुकीच्या जागी बसवलेत का?

शक्यता फार कमी. फ्रेटच्या जागा गणिताने ठरतात: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ६४८ मिलिमीटर स्केलच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२४ वर येतो. खाचा कापणारी यंत्रं यात सहसा चुकत नाहीत. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचं अंतर मात्र ३२४ पेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त भरेल, तो दोष समजू नका. दाबल्याने तार ताणली जाते, त्याची ती भरपाई असते आणि म्हणूनच सॅडल तिरकं बसवतात.

नव्या तारा लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. तीन-चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालतो. फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच बेसूर लागत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. सगळीकडे चढत असेल तर ॲक्शन उंच. हे दोन्ही नीट करूनही बाराव्यावर दहा-पंधरा सेंट चढत असेल तर ब्रिज (सॅडल ज्यात बसतं तो बॉडीवरचा लाकडी भाग) चुकीच्या जागी चिकटवलेला असू शकतो, आणि नव्या गिटारमध्ये ते मुळीच खपवून घेऊ नका.

दुरुस्त करून घेऊ की परत करू?

हवेमुळे बोचणारी टोकं, राहिलेलं पॉलिश, उंच ॲक्शन, उथळ नट: ठेवा आणि सेटअप करून घ्या. एखादा उंच फ्रेट: विक्रेता स्वखर्चाने नीट करून देत असेल तर ठेवा. तीन-चारपेक्षा जास्त फ्रेट वरखाली, पिळलेला नेक, न फिरणारा ट्रस रॉड, चुकलेला ब्रिज: परत. सेटअपच्या खर्चाने गिटारची किंमत दीडपट होणार असेल तर तेच पैसे घालून वरची गिटार घेणं शहाणपणाचं.

परत करायची मुदत थोडक्या दिवसांची असते, म्हणून मोजमाप पहिल्या दोन दिवसांत उरका. खोका उघडतानाचा व्हिडिओ, पट्टी लावलेले फोटो आणि झणझणीचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. स्वतः काहीही घासू नका, मग ‘तुम्हीच बिघडवलंत’ म्हणायला जागा राहत नाही. ऑनलाइन घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

दुकानात घेताना काय पाहू?

ट्यूनर आणि कार्ड खिशात ठेवा. गिटार सुरात लावून घ्या, मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. साऱ्या मिळून शंभरेक स्वर होतात, पाच मिनिटं लागतात. दुकानदार घाई करत असेल तरी सोडू नका. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेककडे पाहा, पिळलेला असेल तर दिसतो. आणि तुम्ही वाजवून पाहिलेला नगच बांधून घ्या, गोदामातला ‘नवा पीस’ नको. एकाच मॉडेलच्या दोन गिटारचे फ्रेट सारखे बसलेले असतीलच असं नाही.